अर्ध्या गुंजेचा वाद

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. घरातलं येणंजाणं थांबलं, सतरंज्या झटकून माळ्यावर ठेवल्या, आणि मी ही वही काढली. वही तुमचीच आहे. पहिल्या नऊ पानांवर आपल्या बारांचे आकडे आहेत, पुढची पानं कोरी राहिली होती. त्या पानांवर तुमच्याशी बोलते. कोणाला वाचून दाखवायचं नाही. चार इयत्ता शिकलेली सून तुमची, ऱ्हस्वदीर्घ चुकणारच. पण तुम्हीच म्हणायचे, "अक्षर कसंई असू दे, आकडा साजरा पाह्यजे."

भेटायला आलेले लोक बोलले ते मी दाराआडून ऐकलं. म्हातारे पलटणीत हत्यारांचे मिस्त्री होते, आसेगावात पहिली रायफल त्यांची, जवारी खाणारे रोही एका बारात पळवले. सगळं खरं आहे. पण एका सकाळी तुम्ही बार उडवला नाही, त्या सकाळबद्दल कोणीच बोललं नाही. मला तुमचा सगळ्यात जास्त अभिमान त्या सकाळचा आहे. ते लिहिल्याशिवाय मला करमणार नाही.

मी मानोऱ्याच्या सोनाराची लेक. लग्न होऊन आले तेव्हा या घरातही सोनारकीच होती. हे भट्टीवर बसत. तुम्ही मात्र तरुणपणी फुंकणी सोडून पलटणीत गेलात आणि पेन्शन घेऊन परत आलात ते एका लांब नळीच्या जुन्या रायफलीसोबत. आत्याबाई तुम्हाला ऐकू जाईल असं चुलीपाशी म्हणायच्या, "सोनाराचा पोरगा, अन् आयुष्यभर लोखंड घासलं. सोनं घडवलं असतं तं माह्या अंगावर दिसलं असतं. आता काय बंदूक घालू गळ्यात?" तुम्ही ओसरीवरून म्हणायचे, "घाला. पण आधी रिकामी हाये का पाहून घ्या."

मी पदराआड हसायचे. सासऱ्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, समोर उभंही राहायचं नाही. तुम्हीही माझ्याशी सरळ बोलत नव्हते. भिंतीकडे पाहून म्हणायचे, "कोणी असेल घरात तं पाणी द्या म्हणा." घरात मीच असायची हे तुम्हाला माहीत असायचं.

तयार काडतुसं त्या रायफलीची यायची बंद झाली तेव्हा तुम्ही ती घरीच भरू लागलात. बंदुकीची काळी दारू पलटणीतल्या जुन्या तांब्याच्या मापानं भरायचे. एका दिवशी भिंतीला म्हणाले, "हे माप झिजलं. सोनाराच्या घरात काटा असून मी मापानं भरून राह्यलो. कोणाले काटा धरता येते का?"

मला येत होता. माझ्या बापानं दागिने घडवायला नाही शिकवले, पण काटा शिकवला होता. वेलीवरच्या सगळ्या गुंजा सारख्याच लाल दिसतात, पण एक जड असते, एक हलकी. निवडून, वाळवून, एकमेकींशी तोलून घ्याव्या लागतात. तशा निवडलेल्या गुंजांची डबी मी माहेरून आणली होती. अर्ध्या गुंजेसाठी तांब्याच्या तारेचा तुकडा होता, बापानं कानसून दिलेला. मी आतल्या खोलीत उंबरठ्याशी काटा घेऊन बसले, तुम्ही बाहेर ओसरीवर. मधे दार. तुम्ही विचारायचे, "जुळलं का?" मी पारड्याला नखानं टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. हे आपलं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला 'हो' म्हणता आलं नाही, म्हणून टिचकी मारली, आणि तुम्ही समजलात.

सहा वर्षं आपण असं काम केलं. सहा वर्षांत तुम्ही माझा आवाज ऐकला नव्हता.

तुमच्या मनात काय होतं ते मला आत्याबाईंकडून कळलं होतं. पलटणीत तुम्ही बंदुका नीट करायचे आणि दुसरे लोक त्या घेऊन लांबच्या निशाण्याच्या शर्यती जिंकायचे. तुम्ही मैदानाच्या कडेला तेलाची बाटली घेऊन उभे. म्हणून गावाबाहेरच्या माळावर, नाल्यापलीकडच्या टेकाडावर तुम्ही चुन्यानं रंगवलेला जुना तवा टांगला होता. सहाशे पावलं. काळ्या दारूनं गोळी तिथवर पोचायची नाही. नाल्यात पडायची. आणि धूर असा व्हायचा की तवा आहे की नाही तेच दिसायचं नाही.

मग मंगरूळचे हबीबचाचा नवी दारू घेऊन आले. तुमचे पलटणीपासूनचे दोस्त, लोखंडी सामानाचं दुकान त्यांचं. डबा ओसरीवर ठेवून म्हणाले, "उस्ताद, विलायती माल हाये. धूर नाई निंघत. अंदर अंग्रेजी कागज हाये, मास्तरले वाचाले देऊ."

तुम्ही म्हणाले, "मास्तरले बंदुकीतलं काय समजते? थो शाईवाला माणूस."

"अन् तुमाले अंग्रेजीतलं काय समजते?"

"मले दारूतलं समजते," तुम्ही म्हणाले आणि कागद पागोट्यात खोचला.

नवी दारू काळी नव्हती. पिवळसर, तांदळाच्या कणीसारखी. तुम्ही तांब्याचं माप भरून आत सरकवलं आणि मी तोललं. काळ्या दारूपेक्षा हलकं भरलं. तुम्ही दाराआडून विचारलं, "जुळलं का?" मी दोन टिचक्या मारल्या. तुम्ही भिंतीला म्हणाले, "हलकी हाये म्हणजे कमी पडते. टाका अजून. काळीच्या वजनाले वजन जुळवा."

आपण दोघंही सोनाराचे. वजन जुळलं म्हणजे माल जुळला, हे आपल्या रक्तातच. मी कणी कणी टाकत गेले. काटा मधे येऊन थांबला. "आता?" तुम्ही म्हणाले. मी एक टिचकी मारली.

मामाजी, ती टिचकी खोटी नव्हती. वजन जुळलंच होतं. पण पाच काडतुसं माझ्या हातानं तोलून भरली गेली आणि तुम्ही ती कमरेच्या पट्ट्यात लावली, दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर न्यायला.

दुपारी मी सांडलेलं गोळा केलं. आंगणात टाकलं तर कोंबड्या टोचतात, म्हणून उरलंसुरलं शेगडीवर जाळायची माझी सवय होती. दोन काशाच्या वाट्या होत्या. एकीत काळी, एकीत नवी. आधी तशाच जाळणार होते. मग काय वाटलं कोणास ठाऊक, दोन्हींत एकेक गुंज तोलून घेतली आणि जाळली.

काळीची वाटी काजळीनं भरली. तळाशी राखेचा जाड थर. नव्या दारूच्या वाटीत काहीच उरलं नाही. बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.

बाप दुकानात जुनं सोनं घ्यायचा तेव्हा असंच करायचा. आटवायचा, हीण जळून बाजूला निघालं की मग उरलेल्याला सोनं म्हणायचा. मी वाट्या घेऊन तिथंच बसले. काळ्या दारूत निम्मं हीण होतं, आणि नवी सगळीच्या सगळी दारू. वजनाला वजन जुळवून मी दुप्पट कसाचा बार भरला होता, म्हाताऱ्या नळीत. आणि बार उडवताना तुमचा गाल दस्त्याला चिकटलेला असणार.

हे त्या दिवशी मानोऱ्याला दागिना पोचवायला गेले होते. मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी तुम्हाला जेवताना सांगितलं, "अवो, सून म्हणते थे नवी दारू लय कसाची हाये. बार कमी करा म्हणते."

तुम्ही म्हणाले, "वजन जुळलं का नाही? तिनंच तं टिचकी मारली. आता कायले घाबरते? भाकर वाढा."

भाकर मीच वाढली. वाट्या माझ्यामागे फडताळात होत्या. त्या तेव्हाच तुमच्या ताटासमोर ठेवायला पाहिजे होत्या. ठेवल्या नाहीत. मला वाटलं, यांच्या हातून शेकडो बंदुका गेल्या, मी चार इयत्ता शिकलेली, मी काय सांगणार? तुम्ही हे मला कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. आज सांगते. ती भाकर वाढताना मला माहीत होतं, आणि मी गप्प होते.

सकाळी तुम्ही आणि हबीबचाचा निघाले. मी आंगण झाडत होते, एकच जागा तीनदा. आत्याबाई बाहेर आल्या, माझ्या हातातला झाडू घेतला आणि म्हणाल्या, "जाय व बाई. मी या माणसाले चांगली ओळखून हाये, माह्या म्हणण्यानं थो थांबत नाही. वाट्या घेऊन जाय."

"मी कशी बोलू?"

"तोंडानं," त्या म्हणाल्या.

मी माळावर पोचले तेव्हा तुम्ही बांधाआड पालथे पडून निशाणा धरला होता. हबीबचाचा कानात बोटं घालून मागे उभे. पहिल्यांदा माझा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला तो इतका मोठा की बाजूच्या टिटव्या उडाल्या.

"थांबा!"

तुमचं बोट चापावरून निघालं. आधी बोट निघालं, मान नंतर वळली. कोण बोललं ते तुम्ही पाहिलं नव्हतं. तो आवाज तुम्हाला ओळखीचाही नव्हता. कोणी थांब म्हटलं तर बंदुकीवरचा माणूस आधी थांबतो आणि मग विचारतो, इतकं पक्कं होतं ते तुमच्या अंगात. मी पुष्कळ शिकलेल्या माणसांना पाहिलं, त्यांना आधी 'कोण म्हणतं' ते लागतं.

"कोण?" तुम्ही म्हणाले.

"उस्ताद, तुमची सून हाये," हबीबचाचा म्हणाले. त्यांची बोटं अजून कानातच होती.

मी वाट्या जमिनीवर ठेवल्या आणि चार पावलं मागे सरले. एवढंच बोलले, "एकेक गुंज जाळली. काळीचं हीण राह्यलं. इचं काई नाही राह्यलं."

तुम्ही उठून बसले. एका वाटीत बोट फिरवलं, काळं झालं. धोतराला पुसलं. दुसऱ्या वाटीत फिरवलं, पाहिलं. पुन्हा फिरवलं. तुम्ही कितीही लोखंड घासलं असलं तरी सोनाराचेच होते. तुम्हाला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे वजन सारखं, अन् कस दुपटीचा," तुम्ही म्हणाले. "हो का नाही?"

काटा तिथं नव्हता. मी वाकून काशाच्या वाटीला नखानं एक टिचकी मारली.

तुम्ही रायफल उघडून काडतूस बाहेर काढलं, तळहातावर धरून बसले. मग म्हणाले, "हबीब, हे माह्या गालापाशी फुटलं असतं."

"या अल्ला," चाचा म्हणाले आणि तुमच्या पागोट्यातून तो इंग्रजी कागद स्वतःच काढून घेतला. मास्तरांनी वाचला तर त्यातही तेच होतं. नवी दारू काळीच्या मापानं किंवा वजनानं भरू नये. तुम्ही मास्तरांना म्हणाले, "तुमी आज वाचलं. माह्या सुनेनं कालच वाचलं."

आणि परतताना वेशीपाशी बसलेल्या लोकांनी विचारलं, "काहून वो, बाराचा आवाज नाही आला?" दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, वारा नव्हता, ऊन डोळ्यावर होतं. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनेनं थांबवलं. चूक माही होती." मी दहा पावलं मागून येत होते. पदर होता म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड साऱ्या गावानं पाहिलं असतं.

आत्याबाईंनी मात्र सोडलं नाही. वर्षभर म्हणत होत्या, "सहा वर्सांनी सून बोलली, अन् बोलली तं काय बोलली? थांबा!"

ती पाचही काडतुसं तुम्ही उकलून रिकामी केली. मग ही वही आणली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अगदी थोड्या दारूवरून. रायफल बैलगाडीच्या जुन्या चाकाला बांधायची, चापाला दोरी लावायची आणि बांधामागून ओढायची. त्या दिवसापासून तुम्ही मला कामापुरतं बोलायची मुभा दिली. भिंतीकडे पाहून म्हणाले, "कामात जो बोलत नाही थो माणूस काय कामाचा? असं कोणाले सांगा."

पहिला बार इतका हलका होता की गोळी कुठे गेली ते आपल्याला दिसलं. हबीबचाचा म्हणाले, "उस्ताद, हे तं बकरीच्या लेंडीवाणी पडली. यापरीस हातानं फेका."

"तुमी तव्यापाशी जाऊन उभे राहा, मंग हातानं फेकतो."

गुंज गुंज वाढवत गेलो. दर बारानंतर तुम्ही रिकामं काडतूस माझ्या हातात द्यायचे. पितळ सहज निघालं की ओढावं लागलं, काडतुसाच्या बुडाच्या टोपीची कड गोल राहिली की चपटी झाली, ते पाहायला तुम्ही मला शिकवलं. ओढावं लागलं किंवा कड चपटी झाली, म्हणजे दारू जास्त. मी लिहायचे. किती गुंजा, गोळी कुठे, पितळ कसं. एका बाराला एक ओळ. आकडे इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही सांगून ठेवलं होतं, "हे माप या एकाच बंदुकीचं हाये. दुसऱ्याच्या कानावर गेलं तं त्याचा हात जाईन."

मग तो दिवस आला. दोरी सोडून तुम्ही स्वतः पालथे पडलात. पहिली गोळी तव्याच्या खाली मातीत, दुसरी डाव्या अंगाला. तिसऱ्या बाराला तवा हलला, आणि नव्या दारूचा धूर नव्हता म्हणून तो मला दिसला. आवाज मागून आला, टण्ण. तुम्ही तसेच पडून होते. मला वाटलं काही झालं की काय. हबीबचाचा जवळ गेले, वाकून पाहिलं आणि मला म्हणाले, "बेटी, मागं फिर. उस्तादच्या डोळ्यात काई तरी गेलं."

नंतर पुष्कळ जणांनी त्या तव्याबद्दल विचारलं, दूरदूरचे लोक पाहायला आले. दर वेळी तुम्ही म्हणाले, "बार माहा, माप सुनेचं." एकदाही विसरला नाहीत.

आता आपल्या वादाकडे येते. तो मिटला नाही.

माझं म्हणणं, अजून अर्धी गुंज बसली असती. पितळ सहज निघत होतं, टोपीची कड गोल होती, आणि गोळी तव्याच्या खालच्या भागात लागत होती. अर्ध्या गुंजेनं ती मधोमध लागली असती. तुम्ही म्हणाले, "नाही. निशाण्याची पट्टी उचलतो, दारू नाही उचलत." मी म्हणाले, तपासून तर पाहा, दोरीनं. तुम्ही म्हणाले, "आधी तू मले थांबवत होतीस, आता मी तुले थांबवतो. बंदूक कुठं फुटते थे पाह्याले जो जाते, त्याले थे दिसतेच." मी हट्टानं वहीत अर्ध्या गुंजेची ओळ आखून ठेवली. तुम्ही ती भरू दिली नाही. किती वर्षं झाली, दर दसऱ्याला हत्यारं पुजताना मी अर्ध्या गुंजेचा तो तारेचा तुकडा पारड्यात टाकायची, म्हणजे विचारायची. तुम्ही हात लांबवून पारड्याला दोन टिचक्या मारायचे. आत्याबाई होत्या तोवर म्हणायच्या, "झालं का तुमचं दोघायचं भांडण? आता आपटा द्या."

शेवटची दोन वर्षं तुमचे हात कापायला लागले, डोळ्यांना कणी दिसेना. काडतुसं मी एकटीच भरायची. तुम्ही दाराबाहेर खाटेवर पडून नुसते ऐकायचे. एक टिचकी झाली की तुम्ही मान हलवायचे. तुम्हाला दिसत नव्हतं, पण माझ्या टिचकीवर तुमचा भरवसा होता. ज्या टिचकीनं एकदा तुमचा जीव गेला असता, तीच टिचकी. याचे आभार मी कसे मानायचे ते मला तेव्हा सुचलं नाही, आताही सुचत नाही.

काल ठाण्यातून जमादार आले. परवाना तुमच्या नावाचा, तुम्ही गेलात म्हणून रायफल जमा करायची. कागद काढून लिहू लागले. लांब नळीची रायफल एक. भरलेली काडतुसं अकरा. मग त्यांनी विचारलं, "हे कोणं भरले?"

हे म्हणाले, "बाबानं."

"म्हातारबाच्या हातानं तं दोन वर्सं पाण्याचा गिलास धरवत नव्हता म्हणतात. हे भरलं कोणं? मले लिहा लागते."

ओसरीवर हबीबचाचा काठी टेकून बसले होते, आता त्यांनाही नीट दिसत नाही. पण त्यांनी मान वळवून बरोबर माझ्या दाराकडे तोंड केलं आणि कानात बोटं घातली. मला हसू आलं, आणि रडूही.

मी उंबरठ्याबाहेर आले. पदर डोक्यावर होता. म्हणाले, "मी भरले."

जमादारांनी लेखणी थांबवली. "तुमी? अन् दारू किती हाये यात?"

"थे नाही सांगत. थे माप याच बंदुकीचं हाये. मामाजीनं मना केलं होतं."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हबीबचाचांकडे. चाचा कानातून बोटं काढून म्हणाले, "लिहा जमादारसाब. उस्तादची उस्ताद हाये हे." जमादारांनी ते काही लिहिलं नाही. माझं नाव विचारलं आणि लिहिलं: काडतुसं अकरा, भरणारी, पुढे माझं नाव. कोणाची सून, कोणाची बायको, ते त्याच्यानंतर.

रायफल गेली. भिंतीवर दोन खुंट्या उरल्या, आणि त्यांच्यामधे तेलाचा लांब डाग. तो मी पुसणार नाही.

काटा माझा होता, तो राहिला. वहीचं नववं पान समोर उघडं आहे आणि आखलेली ओळ कोरी आहे. आता मनाई करायला कोणी नाही, तपासायला बंदूकही नाही. मी तारेचा तुकडा पारड्यात टाकला आहे. मामाजी, मी अजून म्हणते, अर्धी गुंज बसली असती.

थोडा वेळ थांबले. मग हात लांबवून तुमच्या बाजूनं मीच पारड्याला टिचकी मारली, आणि आणखी एक.